मोत्याचं इमान मोत्यापाशी

जुन्या सांगवीत आमच्या गल्लीत एक कुत्रा आहे. मोत्या. तो शेजारच्या काकांचा. काका मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांमागं ख्रिस्ती झालेल्या मांगाच्या घरातले. काका सकाळी कामाला निघाले की मोत्या बसस्टॉपपर्यंत पोचवायला जातो. संध्याकाळी त्याच जागी येऊन बसतो. बस आली की कान टवकारतो. ऊन असो, पाऊस असो, मोत्याची हजेरी चुकत नाही.

नाताळच्या आधी काकांनी मला हाक मारली. म्हणाले, "बाळा, बघ याच्याकडं. मारलं तरी शेपूट हलवतो. उपाशी ठेवलं तरी दार सोडत नाही. देवावरचा विश्वास असा पायजे. परवा प्रार्थनेत हेच सांगितलं."

मी गप्प राहिलो. काका वडीलधारे. माझा बाप आजारी होता तेव्हा रात्रभर दवाखान्यात बसलेला हा माणूस. त्यांच्या तोंडावर काय बोलणार? पण ते वाक्य घशात काट्यासारखं रुतून बसलं. म्हणून मित्रांनो, इथं लिहितोय.

मोत्याशी माझं भांडण नाही. मोत्या कुत्रा आहे, कुत्र्यासारखा वागतो. भांडण उपमेशी आहे. माणसाला कुत्र्याची उपमा कोण देतो आणि कुणाला देतो, हे बघा म्हणजे झालं.

माझी आजी येसकरपाळीच्या गोष्टी सांगायची. दिवस मावळला की पाटी घेऊन दारोदार हिंडायचं, 'भाकर वाढा माय' म्हणायचं. उंबऱ्याजवळ कुत्रं आधीच बसलेलं. त्याला घरातली पोरं कुरवाळायची. आजीच्या पाटीत भाकर वरनं पडायची, अंगाला अंग लागू नये म्हणून. आणि तेच गाव म्हणायचं, महार लई इमानी! सारा पोचवतो, वेस राखतो, मेलेलं ढोर ओढतो, सांडत नाही, लवंडत नाही. भावांनो, ती शाबासकी नव्हती. ती साखळी होती. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यावर बिल मांडलं. ही साखळी कायद्यानं तुटायला १९५८ साल उजाडावं लागलं.

इंग्रजाशीही आपण इमान राखलं. १८१८ साली भीमा कोरेगावला रक्त सांडलं. त्याचा पगार काय मिळाला? काम भागल्यावर १८९० नंतरच्या दोनचार वर्षांत त्याच इंग्रजानं महारांची पलटणीतली भरती बंद केली. मालक बदलला, पट्टा तोच राहिला.

या मुलखाला इमानी कुत्र्याचं भारी कौतुक. धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार नव्हता म्हणं. रायगडावर वाघ्याचं स्मारक आहे, त्यावरून २०१२ साली आणि पुन्हा २०२५ साली महाराष्ट्र पेटला. पण महाडला काय होतं? चवदार तळ्यात कुत्रं तोंड घालत होतं आणि माणसाला बंदी होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्याले. तर सवर्णांनी शेणमुताच्या पंचगव्यानं तळं शुद्ध केलं. कुत्रं प्यालं तेव्हा कुणी शुद्ध केलं नव्हतं!

काका म्हणतील, हे हिंदूंचं झालं, आमच्यात असं नाही. बरं. मग तुमचंच पुस्तक उघडू. मत्तय आणि मार्क, दोघांनीही एक गोष्ट सांगितलीय. एक परजातीची बाई येशूकडं येते. पोरगी आजारी आहे, बरी कर म्हणते. येशू सांगतो, लेकरांची भाकर कुत्र्यांपुढं टाकणं बरं नव्हे. म्हणजे तिला कुत्रीच म्हटलं की! बाईनं शेपूट हलवली का? नाही. तिनं उलट जबाब दिला. मेजाखाली पडलेला चुरा तर कुत्रीही खातात, म्हणाली. त्याचाच शब्द उचलला आणि त्याच्यापुढं ठेवला. आणि येशूला बोलणं फिरवावं लागलं. पोरगी बरी झाली ती बाई वाद घालायला उभी राहिली म्हणून. मोत्यासारखी बसून राहिली असती तर बसूनच राहिली असती.

आणि तिच्या जबाबातही माझं मन भरत नाही. चुरा का म्हणून? पोरगी तिची, भूक तिची. मेजावर जागा का नको? आपण महाडला थेंब मागायला गेलो नव्हतो. तळं आमचंही आहे, हे सांगायला गेलो होतो.

इमानाची दुसरी बाजूही बघा. युरोपात तेराव्या शतकात डोमिनिकन साधूंचा पंथ निघाला. लॅटिनमध्ये त्या नावावर कोटी झाली, 'प्रभूचे कुत्रे'. तोंडात मशाल धरलेलं कुत्रं ही त्यांची खूण. त्याच शतकात पोपनं धर्मचौकशीचं काम मोठ्या प्रमाणात याच साधूंच्या हाती दिलं. धर्मचौकशी पुढं १५६० साली गोव्यातही आली आणि १८१२ पर्यंत टिकली. इमानी कुत्रं राखण करतं हे खरं. पण मालक 'छू' म्हणाला की कुणाला चावायचं हे ते विचारत नाही.

याचा अर्थ काका माझे दुश्मन नव्हेत. मिशनऱ्यांच्या शाळा होत्या म्हणून कितीकांच्या हातात पाटी आली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांच्या शाळेत शिकलेली चौदा वर्षांची मुक्ता साळवे, मांगाची पोर. तिचा निबंध १८५५ साली छापला तो मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'नं. आमचा धर्म तरी कोणता, हे तिनं थेट देवालाच विचारलं. काका, तुमची वारसदारी त्या पोरीची आहे. मोत्याची नव्हे!

तुम्ही धर्म सोडला, पण जातीनं तुम्हाला सोडलं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूपुरती बांधली. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. ही भाकर वाटून घेताना आपला वाटा कमी होईल म्हणून गप्प बसणारे आपल्यातही आहेत. त्यांना माझा सवाल आहे: उंबऱ्यावरचं कुत्रं दुसऱ्यावर गुरगुरतं ते का?

आता आपल्याकडं वळतो. हा लेख ख्रिस्त्यांवर वाटला असेल तर पुन्हा वाचा. आपल्या वस्तीत मोत्या कमी आहेत का? महामंडळाच्या खुर्चीसाठी, एका तिकिटासाठी कुठल्या बंगल्याखाली कोण बसलंय, सांगू? साहेबांची गाडी आली की कुणाचे कान टवकारतात? आणि पोरं म्हणतात, आपण नेत्याशी इमानदार! २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं, राजकारणातली भक्ती ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. आपण त्यांचाच फोटो लावून तीच भक्ती करतो. बुद्धानं कालामांना सांगितलं, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. तो वाट दाखवणारा होता, मालक नव्हता.

२५ डिसेंबरला काका प्रार्थनेला गेले, मी देहूरोडला. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी तिथं बुद्धमूर्ती बसवली. १९२७ साली याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली. संध्याकाळी परतलो तर स्टॉपवर मोत्या बसलेला. काका अजून यायचे होते. मी बिस्किटाचा पुडा फोडून त्याच्यापुढं ठेवला, त्याच्याजवळ बसून राहिलो.

काका बसमधून उतरले. त्या दिवशी मी बोललो. म्हटलं, "काका, मोत्याला पोटभर भाकर घाला. त्याचं इमान त्याच्यापाशी राहू द्या. पण तुमच्या पोराला सांगा, देवापुढंसुद्धा त्यानं उभं राहावं ते दोन पायांवर."

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "ती बाई उलट बोलली होती, खरंय. एवढ्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं."

जयभीम.