नॉर्मल लेन्स म्हणायचे कशाला?



कॅमेऱ्याची हौस असलेली चार माणसे जमली की एक वाक्य हमखास कानावर पडते : “50 मिलिमीटरचे भिंग आपल्या डोळ्यासारखे पाहते, म्हणून ते नॉर्मल; त्याहून बरेच कमी नाभीय अंतर असेल तर ते वाइड अँगल.” हे वाक्य अर्धवट आहे आणि ते वर्गात शिकवू नये, असे माझे मत आहे.

आधी डोळ्याचेच पाहा. नजर समोर ठेवून दोन्ही हात बाजूंना पसरा आणि बोटे हलवा. हालचाल जाणवते, म्हणजे दोन्ही डोळ्यांचे मिळून दृष्टिक्षेत्र निदान 180 अंशांचे आहे. उलट या ओळीतल्या एकाच शब्दावर नजर रोखली, तर चार शब्दांपलीकडचे अक्षर लागत नाही. 50 मिमी भिंगाचा कोन मात्र सुमारे 47 अंश. डोळ्यात हे 47 अंश आहेत तरी कुठे?

ते आले फिल्मच्या चौकटीतून. 35 मिमी फिल्मवरील चित्र 24 × 36 मिमी असते. पायथागोरसच्या प्रमेयाने त्याचा कर्ण काढा. सुमारे 43 मिमी येईल. नाभीय अंतर चित्राच्या कर्णाइतके असेल तर भिंग नॉर्मल, असा संकेत आहे. त्या हिशोबाने 43 मिमीचे भिंग हवे होते. पण 1925 साली जर्मनीतील वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीने लायका कॅमेरा बाजारात आणला, त्याला 50 मिमीचे भिंग होते. पुढे तीच रीत पडली. 6 × 6 सेंमी चित्राच्या कॅमेऱ्यात नॉर्मल भिंग 80 मिमीचे, आणि तिथे 50 मिमी हे वाइड अँगल ठरते. मोबाइलच्या नखाएवढ्या संवेदकापुढे तर 50 मिमी म्हणजे जवळजवळ दुर्बीणच! नुसते मिलिमीटर सांगणे म्हणजे कितीपैकी ते न सांगता “मला 50 गुण पडले” म्हणण्यासारखे आहे.

यात कोणाचे काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. आमच्याकडे दहावीच्या वर्गाचा फोटो मोबाइलने, अरुंद व्हरांड्यात, जवळून काढला. रांगेच्या टोकाची मुलगी त्यात जाड दिसली. तिने फोटो घेतलाच नाही. वर कोणीतरी तिला ऐकवले, “कॅमेरा खोटे बोलत नाही.”

आता गणित करू. बहुतेक मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा कोन 35 मिमी फिल्मवरील 24 ते 28 मिमी भिंगाएवढा असतो. 24 घ्या. चौकटीच्या मध्यापासून कडेपर्यंत 18 मिमी. काटकोन त्रिकोणाच्या बाजू 18 आणि 24, म्हणून कर्ण 30. कडेचे किरण सपाट पृष्ठावर तिरपे पडून पसरतात, आणि तिथला गोल चेंडू उंचीच्या 30/24 पट, म्हणजे सव्वापट रुंद उमटतो. 50 मिमीसाठी ही वाढ जेमतेम 6 टक्के येते.

तरीही सगळा दोष भिंगाच्या माथी मारू नका. तो 24 मिमीचा फोटो पाचपट मोठा, 12 × 18 सेंमीचा छापा. एक डोळा मिटून दुसरा चित्राच्या मध्यासमोर 24 × 5 = 120 मिमी, म्हणजे 12 सेंमीवर आणा. टोकाची मुलगी पुन्हा होती तशी दिसू लागते, कारण आता तुमचा डोळाही तिच्याकडे तिरपाच पाहतो. (तुम्हांला हे जमेल; चाळिशी लागलेल्या सरांनी खटाटोप करू नये.) 50 मिमीच्या फोटोसाठी हेच अंतर 25 सेंमी येते. पाठ्यपुस्तकातले स्पष्ट दृष्टीचे लघुतम अंतर तेवढेच, आणि फोटो आपण हातात साधारण तिथेच धरतो. नॉर्मलपणाचे मूळ मला इथे दिसते.

शिक्षकांनी एका पुठ्ठ्यात 12 × 18 सेंमीची खिडकी कापावी. मुलांनी तिच्यातून एका डोळ्याने आधी 25 आणि मग 12 सेंमीवरून पाहून वर्गातली किती बाके दिसतात ती मोजावीत. आणि यंदा वर्गाचा फोटो काढताना दहा पावले मागे जा. रांगेच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा सुटू द्या, ती मागाहून कापता येते. भिंत आड आली तर सगळ्यांना घेऊन मैदानावर चला.