चिठ्ठीवर उतारा वाढत नाही



चीफ केमिस्टची जागा भरायची म्हटली की "आपल्याच भागातला पोरगा घ्या" अशा चिठ्ठ्या सुरू होतात. मागणीत वावगं नाही. पण त्या माणसाचं काम काय, हे आधी पाहू.

ऊस गव्हाणीत पडला म्हणून साखर आपोआप पोत्यात येत नाही. रसाला चुना किती, गंधकाचा धूर किती, पॅनमध्ये दाणा नीट धरला का, बगॅस आणि मळीतून साखर किती निसटते, हा रात्रंदिवसाचा हिशेब चीफ केमिस्टचा. रस आंबट राहिला तर साखर मोडते, चुना जास्त झाला तर रंग बिघडतो. मोडलेली साखर परत मिळत नाही.

५ लाख टन गाळपात उतारा ०.१ टक्क्याने घसरला, तर ५,००० क्विंटल साखर गेली. एफआरपी उताऱ्याशी बांधलेली. म्हणजे फटका आपल्याच बिलाला.

म्हणून आम्ही म्हणतो, विज्ञानाची पदवी, त्यावर कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये घेतलेलं साखर तंत्रज्ञानाचं शिक्षण आणि पाळीत उभं राहून काढलेले हंगाम, एवढं बघूनच नेमणूक व्हावी. आपली पोरं तिथं जरूर पाठवावीत. शिकून, अनुभव घेऊन आली तर पहिला मान त्यांचा.

आणि शिळा, पाचटासकट ऊस आपणच घातला, तर कितीही शिकलेला केमिस्ट साखर कुठून आणणार? तेवढं आपण सांभाळावं, ही विनंती.