अर्ध्या मिलिमीटरची चूक : बंदुकीची माशी आणि इतिहासाचा नेम

१/१२
बोअर युद्धाचा (१८९९–१९०२) इतिहास बहुधा सेनापतींच्या नावांनी सांगितला जातो : बुलर, रॉबर्ट्स, किचनर, बोथा. या धाग्याचा विषय मात्र त्या युद्धात उघडकीस आलेली एक अगदी लहान चूक आहे. ती रणांगणावर झाली नाही. ती कारखान्यात झाली, तपासणीतून निसटली आणि कोठारात पडून राहिली.

२/१२
बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी जो बारीक उंचवटा असतो, त्याला मराठीत ‘माशी’ म्हणतात. मागच्या खाचेतून पाहायचे, माशीचे टोक खाचेच्या मधोमध आणायचे आणि ते लक्ष्यावर टेकवायचे, याला नेम धरणे म्हणतात. माशी ज्या पोलादी ठोकळ्यावर बसते ती तिची बैठक. बैठक नळीवर पक्की व सरळ नसेल, तर डोळा कितीही तीक्ष्ण असो, गोळी भलतीकडेच जाते.

३/१२
युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात ब्रिटनने ‘इंपीरियल योमनरी’ ही स्वयंसेवक घोडदळाची पथके नव्याने उभारली. त्यांच्यासाठी साठ्यातील ली-एनफिल्ड रायफली बाहेर काढल्या गेल्या. प्रत्यक्ष चांदमारीत असे आढळले, की ५०० यार्डांवर गोळी सुमारे १८ इंच उजवीकडे पडते. माणसाच्या छातीवर धरलेला नेम त्याच्या शेजारच्या हवेत जात होता.

४/१२
येथे थोडे गणित आवश्यक आहे. ५०० यार्ड म्हणजे १८,००० इंच. त्यात १८ इंचांची चूक म्हणजे हजारात एक. खाच आणि माशी यांच्यातील अंतर साधारण २० इंच धरले, तर तेथील चूक भरते ०.०२ इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना न जाणवणारा हा फरक पाचशे यार्डांवर जीव वाचवतो किंवा घालवतो.

५/१२
या चुकीचा सर्वांत अन्यायकारक भाग असा, की तिचा दोष सहज शिपायाच्या माथी येतो. गोळी चुकली की ‘याचा हात हलला’, ‘याला नेम धरता येत नाही’, असे म्हटले जाते. ज्याने माशी बसवली आणि ज्याने ती तपासून मान्य केली, ते दोघेही तेव्हा हजारो मैल दूर असतात. हत्याराचा दोष माणसाच्या अंगी चिकटतो आणि पुढे इतिहासातही तसाच नोंदला जातो.

६/१२
युद्धानंतर लष्करी तयारीतील उणिवांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९०३ मध्ये आला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड एल्गिन. महाराष्ट्राला हे नाव परके नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर, रँडवरील हल्ला आणि टिळकांवरील राजद्रोहाचा खटला घडला, तेव्हा हिंदुस्थानचे व्हाइसरॉय हेच होते.

७/१२
एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १८९९च्या डिसेंबरात स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन आणि कोलेन्सो येथे ब्रिटिशांचे लागोपाठ पराभव झाले. त्यांचे खापर या माशीवर फोडणे चुकीचे ठरेल. सदोष रायफली साठ्यातल्या होत्या. पराभवांमागे समोरून चढाई करण्याचा हट्ट, अपुरी टेहळणी आणि खंदकांत दडलेल्या बोअरांचा अचूक मारा होता. लहान कारण रंजक असते, म्हणून ते मोठे होत नाही.

८/१२
तरीही ही घटना महत्त्वाची का? १९०४ पासून सैन्यात आलेल्या आखूड ली-एनफिल्डची रचनाच त्याचे उत्तर देते. तिच्या माशीला दोन्ही बाजूंनी पोलादी कान दिले, म्हणजे आपटून ती वाकू नये. माशीची पाती निरनिराळ्या उंचीची केली. एकेक पायरी ०.०१५ इंचाची. एक पायरी बदलली की १०० यार्डांवर गोळी सुमारे तीन इंच वर किंवा खाली सरकते. प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा असतो, हे येथे मान्य केलेले दिसते.

९/१२
अशा रायफलीची बैठक बदलणे हे पलटणीच्या आर्मररचे काम. जुनी आडवी खीळ काढायची, नवी बैठक नळीवर चढवायची, चावीने व खिळीने ती जखडायची, मग त्यात पाते बसवायचे. पाते हातोड्याने ठोकत नसत. स्क्रूच्या दाबाने ते हळूहळू सरकवण्याचे खास साधन असे. नियम ऐकायला उलटा वाटतो : गोळी ज्या बाजूला जाते, त्याच बाजूला माशी सरकवायची. गोळी खाली लागत असेल, तर पाते कमी उंचीचे घ्यायचे.

१०/१२
माशीचे टोक नळीच्या मध्यरेषेपासून इंचभर उंच असेल आणि बैठक नळीभोवती केवळ एका अंशाने फिरली, तर टोक ०.४४ मिलिमीटर बाजूला जाते. म्हणजे जवळजवळ १८९९चीच चूक पुन्हा! म्हणून बैठक बसली की काम संपत नाही. गोळ्या झाडून, कागदावरची भोके मोजून, पुन्हा सरकवून ते संपते. मोजल्याविना झालेली दुरुस्ती म्हणजे नवा भाग लावलेली जुनी चूक.

११/१२
हीच रायफल बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात दशकानुदशके बनली. १९६२च्या चीन युद्धानंतर तिचा घाट ७.६२ मिमीच्या काडतुसासाठी बदलण्यात आला. .३०३ तर पोलिसांच्या हाती २००८च्या मुंबई हल्ल्यापर्यंत दिसत होती. अशा हत्याराविषयी बोलताना ‘किती जुने’ हा एकच प्रश्न विचारणे अपुरे आहे. १८९९च्या सदोष रायफली नव्या कोऱ्या होत्या. ‘शेवटचा नेम केव्हा तपासला’ हा प्रश्न वयाइतकाच मोलाचा आहे.

१२/१२
संग्रहालयांनाही हेच लागू पडते. जुन्या रायफलीची झिजलेली माशी काढून चकचकीत नवी लावली, तर पात्याची उंची आणि त्याचे सरकलेले स्थान, म्हणजे एका अनाम आर्मररने त्या नळीशी केलेला हिशेब, कायमचा पुसला जातो. भाग बदलणे अटळच असेल, तर जुना जपावा आणि नव्यावर तशी खूण करावी. हत्यारांचा इतिहास वाचणाऱ्या तरुणांनी पल्ला आणि मारक क्षमता यांचे आकडे जरूर पाठ करावेत. पण रायफल समोर आली की आधी तिच्या माशीकडे पाहावे. शिपायाचा भरवसा तिच्यावर होता आणि ती बसवणाऱ्या हाताचे नाव कोणत्याही विजयस्तंभावर कोरलेले नाही.