जादू रक्तात नसते

जादूच्या कित्येक गोष्टींत मंतर जन्मानंच येतो. हॅरी पॉटरच्या शाळेतही प्रवेश जादू घेऊन जन्मलेल्यालाच. हर्मायनीचे आईबाप साधे, पोरगी वर्गात पहिली. तरी रक्तावरून शिवी खातेच.

हे आपल्याला नवं नाही. महाभारतातलं ब्रह्मास्त्र शिकावंच लागतं. मग कर्णाला परशुरामापुढं जात का चोरावी लागली? एकलव्याचा अंगठा का मागितला? विद्या रक्तात असती, तर दारावर पहारा कशाला?

वारणानगरात तात्यासाहेब कोऱ्यांनी बालवाद्यवृंद उभा केला. खेड्यातली पोरं शिकली म्हणून वाजवू लागली. शाहूंनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते उगाच नाही.

‘उपजत’ हा शब्द कानावर आला की आधी विचारा: कुलूप कुणी घातलं? किल्ली कुणाकडं?