शेजारची सीट

गोव्याला गेलं की आपला कार्यक्रम ठरलेला. बीच, फिश करी, पुन्हा बीच. या खेपेला मात्र वास्कोजवळच्या, १९९८ साली सुरू झालेल्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये घुसलो.

फोटो काढायला सगळे सी हॅरियरपाशी. स्टारच तो! बाजूचं बुटकं व्हँपायर टी-५५ कोण बघतो? हे ट्रेनर जेट. मूळ व्हँपायर ब्रिटनमध्ये १९४३ साली पहिल्यांदा उडालं. गंमत म्हणजे जेट असूनही कॉकपिटचा भाग चक्क लाकडी, प्लायवूड आणि बाल्साचा.

मी अडकलो ते त्याच्या दोन सीट्सपाशी. कितीतरी ट्रेनर जेट्समध्ये शिकवणारा मागे बसतो. इथे दोघं खांद्याला खांदा लावून. कंट्रोल्स दोघांपुढेही. नवशिक्याचा हात चुकला, की शेजारचा सावरणार. नौदलाचे पायलट अशाच विमानात जेट उडवायला शिकले.

पहिल्या नोकरीत मी एकदा क्लायंटला चुकीचे आकडे पाठवले होते. शेजारच्या टेबलावरच्या सीनियर सरांनी फोन घेतला आणि म्हणाले, "आमच्याकडून चूक झाली." 'आमच्याकडून'! पुढे मला प्रमोशन मिळालं, केबिन मिळाली. त्यांना थँक्यू म्हणायचं मात्र राहूनच गेलं.

त्या रात्री फोन लावला. सगळं ऐकून सर हसले. म्हणाले, "ते सोड रे. आता तुझ्या शेजारी कोण बसतं?"

उत्तर नव्हतं. सोमवारी ऑफिसला गेल्या गेल्या नव्या ट्रेनी मुलीची खुर्ची केबिनमध्ये आणवली. ती जाम घाबरलीय. पहिल्या दिवशी मीही असाच घाबरलो होतो.