शजरा, स्विच आणि एका मुलाचा दोष

गेल्या वर्षी आमच्या शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरायचं काम चालू होतं. मुदत दोन दिवसांवर आली होती. सकाळी अकराच्या सुमारास संगणक कक्षातले सगळे संगणक एकदम अडकले. इंटरनेट गेलं म्हणावं, तर शेजारच्या संगणकावरची फाइलही उघडेना. कोपऱ्यातल्या स्विचचे दिवे मात्र एकसारखे लुकलुकत होते.

शोधाशोध केल्यावर कळलं, की नववीतल्या एका मुलाने जमिनीवर लोंबणारं वायरचं टोक रिकाम्या पोर्टमध्ये नीट खोचून ठेवलं होतं. त्या वायरचं दुसरं टोक पलीकडच्या खोलीतल्या स्विचला होतं, आणि हे दोन स्विच आधीच एका वायरने जोडलेले होते. मुलाला सगळे बोलले. मीही बोललो. नंतर वाचत बसलो, तेव्हा कळलं की चूक त्याची नव्हतीच.

नेटवर्कवर काही निरोप सगळ्यांसाठी असतात. स्विच असा निरोप आला त्या पोर्टखेरीज बाकी सगळ्या पोर्टांतून पुढे पाठवतो. दोन स्विचमध्ये दोन वाटा झाल्या, की तो एकीने जातो, दुसरीने परततो आणि फिरतच राहतो. किती फेऱ्यांनंतर थांबायचं, याची नोंद त्या निरोपात नसते. काही क्षणांत सगळं जाळं तुंबतं.

मग दुसरी वायर नकोच का? आपण कोल्हापूरकरांनी असं म्हणू नये. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा दुसऱ्या वाटेची किंमत आपल्याला कळली. दुसरी वायर हवीच. पण पहिली चालू असेपर्यंत तिने गप्प राहावं. हेच काम स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल करतो. रेडिया पर्लमन या संशोधक बाईंनी तो १९८५ मध्ये तयार केला आणि त्यावर एक छोटी कविताही लिहिली. भाषेच्या शिक्षकाला ही गोष्ट आवडणारच!

मला तो उमगला शजऱ्यावरून. शजर म्हणजे झाड, आणि शजरा म्हणजे वंशावळ. आपल्याकडे चुलत-मामे नात्यांत लग्नं होतात, त्यामुळे एकच माणूस दोन-दोन नात्यांनी आपला लागतो. शजरा मात्र बापाच्या बाजूने एकच रेघ ओढतो. दुसरं नातं तुटत नाही, फक्त कागदावर येत नाही. स्पॅनिंग ट्रीत बंद ठेवलेला पोर्ट असाच असतो. चालू वाट तुटली, की तो जागा होतो. जुन्या पद्धतीत याला तीस ते पन्नास सेकंद लागत. २००१ साली आलेल्या ‘रॅपिड’ पद्धतीत बहुधा काही सेकंदांत काम होतं.

पण या झाडाचं मूळ कोण, हे आपण ठरवावं लागतं. प्रत्येक स्विचचा प्राधान्य-आकडा मुळात ३२७६८ असतो. तो कुणी बदलला नाही, तर ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो मूळ होतो. बऱ्याचदा तो सर्वांत जुना, दमलेला स्विच निघतो. म्हणून मुख्य स्विचला ४०९६ आकडा द्यावा. संगणक लावायचे पोर्ट ‘एज’ करावेत, म्हणजे संगणक सुरू झाल्यावर ताटकळावं लागत नाही. त्याच पोर्टवर ‘बीपीडीयू गार्ड’ लावावा, म्हणजे कुणी तिथे दुसरा स्विच जोडला तर तेवढाच पोर्ट बंद पडतो, शाळा नाही.

आमच्या स्विचमध्ये हे सगळं होतं. मॅनेज्ड स्विचचे जादा पैसे आपण याचसाठी मोजतो. पण बसवणाऱ्याने स्पॅनिंग ट्री चालूच केलं नव्हतं, पासवर्ड शाळेत कुणाकडे नव्हता आणि आम्ही दिवे लागलेले पाहून बिलावर सही केली होती.

हे फक्त आपल्यासारख्या शाळांत होतं असं नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क याच स्पॅनिंग ट्रीच्या घोटाळ्यात कोसळलं आणि डॉक्टरांना काही दिवस कागदावर काम करावं लागलं. तिथल्या प्रमुखांनी ते लपवलं नाही, इतरांनी शिकावं म्हणून जाहीर सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. शाळांनी यंत्र घेताना ते नीट लावून घेण्याचाही हक्क बजवावा. सही करण्यापूर्वी बसवणाऱ्याला चार गोष्टी विचारा: स्पॅनिंग ट्री चालू आहे का, मूळ स्विच कोणता, पासवर्ड कुठे लिहिलाय, आणि आत्ता माझ्यासमोर जादा वायर जोडून दाखवता का? चौथ्या प्रश्नाला कुणी कां-कू केलं, तर बिल थांबवा.

आम्ही ती चाचणी केली. दोन स्विचमध्ये जादा वायर खोचायला मी त्याच मुलाला बोलावलं. सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली आणि वायर त्याच्या हातात दिली. तो आधी घाबरला, मग खोचली. काहीच बंद पडलं नाही.