कान मोकळे, पण हात?

‘मुली लाजतात, म्हणून त्यांचं इंग्रजी कच्चं राहतं,’ असं सर्रास म्हटलं जातं. हुपरीत नववी-दहावीच्या मुलींचा अभ्यासवर्ग घेताना मला मात्र वेगळंच दिसतं. या मुली व्याकरण चोख सोडवतात, धडा नीट वाचतात. पण तेच वाक्य कुणी नेहमीच्या वेगानं बोललं, की त्यातले शब्द त्यांना वेगळे करता येत नाहीत.

बोललेलं इंग्रजी छापल्यासारखं सुटंसुटं येत नाही. शब्द एकमेकांत मिसळतात, काही आवाज गिळले जातात. ते ओळखायला कान सरावावा लागतो. आणि तो लक्ष देऊन, पुन्हा पुन्हा ऐकूनच सरावतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, पण शिकणं बहुतेक फळा-पुस्तकातच राहिलं. ऐकण्याची सवय घरावर सोडली गेली.

आणि घरात ऐकायची सवड कुणाला? मुलगा मोबाईल घेऊन बाहेर पडतो. क्रिकेटचं समालोचन, इंग्रजी सिनेमे त्याच्या कानावर पडतात. मुलगी आईशेजारी पैंजणांच्या कड्या जोडायला बसते, मग स्वयंपाकाला लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी इंटरनेट वापरलेलं होतं, स्त्रियांनी अवघ्या ३३.३ टक्के. लाजण्याचा प्रश्न यात कुठे आला?

काही जण म्हणतात, ‘हात गुंतले तरी कान मोकळेच असतात की!’ हे मला पटत नाही. बारीक कडी सांधताना सगळं लक्ष कडीवर असतं. नुसता आवाज चालू असणं म्हणजे ऐकणं नव्हे. न कळलेलं वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकायला हातही मोकळा लागतो.

मैत्रिणींनो, आपल्या मंडळांतून, बचत गटांतून आपण एवढं तरी धरून लावू या : मुलीला रोज अर्धा तास काम नाही आणि मोबाईल तिच्या हातात. एक छोटा तुकडा आधी नुसता ऐकायचा, मग खाली उमटणारी इंग्रजी अक्षरं पाहत, मग पुन्हा अक्षरांशिवाय. हिंदी अक्षरं नकोत. ती वाचण्यात डोळे रमतात नि कान झोपतात.

त्या अर्ध्या तासातल्या कड्या कोण जोडणार? भाऊ जोडेल. त्यालाही दोन हात आहेत.